पाय काय सांगून राहिला?

दोन इंजिनांच्या लहान विमानात एक इंजिन बंद पडतं तेव्हा नेमकं काय होतं, असं कुणी विचारलं की मी पायाच्या पोटरीपासून सांगायला सुरुवात करते. आवाज बदलतो, विमानाचं नाक एका बाजूला सरकतं, छातीत धस्स होतं, हे सगळं खरंच. पण ते पहिल्या दोन-तीन सेकंदांचं. त्यानंतर उरतो तो रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, पेडलवर ताठ रोवलेला एक पाय आणि मिनिटभरात त्याला सुटणारं कापरं. विमान प्रमाणित करताना वैमानिकाच्या पायाला जास्तीत जास्त किती जोर लावावा लागला तर चालेल, याचा आकडा अमेरिकी नियमांत लिहिलेला होता: 150 पौंड. म्हणजे 68 किलो. मी अशा दोन इंजिनांच्या विमानावर, ट्विनवर, शिकायला गेले तेव्हा माझं स्वतःचं वजन 49 किलो होतं. पाठीशी उशी घेतल्याशिवाय माझा पाय पेडलच्या शेवटापर्यंत पोचत नसे.

आईला माझ्या नोकरीबद्दल वर्षानुवर्षं एकच प्रश्न पडत आला. "एक इंजिन बंद पडलं तर गं?" माझ्याआधी बाबाच उत्तर द्यायचे, "अगं, दुसरं असतं ना. त्यासाठीच तर दोन असतात." मीही मान डोलवायचे. प्रवासी विमानापुरतं बाबांचं उत्तर बरोबर आहे. तिथे एक इंजिन ऐन उड्डाणात गेलं तरी, चाकं आत घेतल्यावर, दर शंभर मीटरमागे निदान 2.4 मीटर वर चढता आलं पाहिजे, असा दोन इंजिनांच्या विमानांसाठी कायदाच आहे. पूर्वी अशा विमानांना जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांपेक्षा लांब जायची मुभा नसे. 1985 मध्ये ती मर्यादा 120 मिनिटांपर्यंत सैल झाली आणि पुढे वाढतच गेली. आज कुणाची आजी नातवंडांना भेटायला मुंबईहून न्यूयॉर्कच्या दिशेला निघते, तेव्हा तिच्या विमानाला बहुधा दोनच इंजिनं असतात, आणि तिनं त्याची काळजी करण्याचं कारण नसतं.

पण ज्या विमानांवर आम्ही शिकतो, त्या सहा हजार पौंडांपेक्षा हलक्या, कमी वेगाला उतरू शकणाऱ्या ट्विनच्या बाबतीत कायद्यानं असं कुठलंच वचन मागितलेलं नव्हतं. एका इंजिनावर ते विमान चढेल, तरंगेल की हळूहळू खाली येईल, ते त्या दिवसाच्या उन्हावर, वजनावर आणि चालवणाऱ्यावर. हे मला कळायला मे महिन्यातला विदर्भ लागला.

विमान होतं पायपर सेनेका. मधल्या चौकटीत सहा दांडे, काळे थ्रॉटलचे, म्हणजे ताकदीचे, निळे प्रॉपेलरचे, लाल मिक्स्चरचे, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचे, प्रत्येकाची जोडी. शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, तिथे अ‍ॅव्रो विमानं उडवलेले, मूळचे नागपूरचे. रेडिओवर त्यांचं इंग्रजी कापून ठेवल्यासारखं यायचं आणि रेडिओचं बटण सोडलं की लगेच "काय करून राहिली बेटा?" आम्ही सकाळी साडेपाचला पहिलं उड्डाण करायचो, कारण नऊनंतर हवा साथ सोडायची. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फूट. पण पारा 45 वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ती धावपट्टी जवळपास पाच हजार फुटांवर जाऊन बसते. महाबळेश्वरपेक्षाही वर! टर्बोचार्जरनं इंजिनाचा दम टिकवला तरी प्रॉपेलर आणि पंख त्याच पातळ हवेशी झगडत असतात.

सरांनी पहिल्या दिवशी विमानाला हातसुद्धा लावू दिला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यावर एका घराचा हिशेब मांडला. नवरा-बायको दोघं कमावतात, प्रत्येकी पन्नास हजार. घरखर्च चाळीस हजार. शिल्लक किती? साठ हजार. आता एकाची नोकरी गेली. पगार निम्मा झाला, पण शिल्लक? दहा हजार. "म्हणजे पगार गेला निम्मा अन् शिल्लक गेली ऐंशी टक्क्यांच्या वर," सर म्हणाले, "विमान शिल्लकीवर चढते बेटा, पगारावर नाही." मग त्यांनी खडूनं घरखर्चाचे चाळीस खोडून पंचेचाळीस केले. नोकरी गेलेला माणूस आजारीही पडलाय. बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्यानं नुसताच फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो, तो हा दवाखान्याचा खर्च. शिल्लक पाच हजार.

एका इंजिनावर सेनेका, सगळं नीट केलं तर, मिनिटाला दोनशे-सव्वादोनशे फूट चढते असं पुस्तक सांगतं. ते पुस्तकातलं विमान नवं असतं, त्याचा प्रॉपेलर बंद करून वाऱ्याला कड दाखवलेला असतो, चाकं आत असतात, हवा थंड असते. आमच्या विमानाची वर्षं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नव्हती.

प्रॉपेलरची कड वाऱ्याकडे वळवणं म्हणजे फेदर करणं. हे मी सुपावरून समजून घेतलं. उफणणीच्या वेळी सूप वाऱ्याला आडवं धरलं की हात मागे रेटला जातो. तेच सूप कडेवर धरलं की वारा दोन्ही बाजूंनी निघून जातो. मेलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर फेदर केला की ती ओढ जवळजवळ संपते. पण सेनेकात एक मेख आहे, अगदी शब्दशः. प्रॉपेलरच्या आत छोट्या खिळी आहेत. फेरे मिनिटाला आठशेच्या खाली गेले की त्या आत सरकतात आणि मग तो प्रॉपेलर काही केल्या फेदर होत नाही. जमिनीवर इंजिन रोज बंद करताना तो आपोआप फेदर होऊ नये म्हणून केलेली ती सोय. इंजिनच आतून आवळत आवळत थांबत असेल तर हवेत तीच सोय अंगावर येते. म्हणून फार रेंगाळताही येत नाही. घाई केली तरी धोका आणि वेळ काढला तरी धोका, ही दोन टोकं जिथे भेटतात ते काही सेकंद मला शिकायचे होते.

मला मात्र आधी भीती वाटायची ती चुकीच्या गोष्टीची. मला वाटायचं, मेलेलं इंजिन विमानाला मारतं. ते मारत नाही. मारतं ते जिवंत इंजिन.

हे कळलं तेव्हा मला माझ्या आजोबांची, आबाजींची, बंडी आठवली. आमची शेती हिंगणघाटकडे. कापसाचे दिवस होते, मी नऊ-दहा वर्षांची, भरलेल्या बंडीत कापसाच्या ढिगावर बसलेली. नाल्याच्या उतारावर डावा बैल, चांद्या, पाय घसरून बसला. उजवा मोऱ्या बिथरला आणि ओढतच राहिला. बंडी पुढे जाईना, ती चांद्याभोवती गर्रकन वळायला लागली, डावीकडच्या चराच्या दिशेनं. काका खाली उडी मारून बसलेल्या बैलाला उठवायला लागला, शेपटी पिळायला लागला. आबाजी मात्र चांद्याकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी धावत जाऊन मोऱ्याची वेसण धरली आणि काकावर ओरडले, "उभ्याले धर पयले! बसला थो काही पळून नाही रायला!"

दोन पंखांवर दोन इंजिनं. डावं मेलं की उजवं एकटं ओढतं, आणि ते मध्यावर नसून बाजूला असल्यामुळे नाक डावीकडे वळवतं. ते थोपवायला उजवा पाय. पण रडरला जोर येतो तो वाऱ्याचा. वेग जसजसा कमी होईल तसतसा रडर दुबळा होत जातो, उजवं इंजिन मात्र तेवढंच ओढत राहतं. एका विशिष्ट वेगाला पाय पेडलच्या शेवटापर्यंत गेलेला असतो आणि तरीही नाक वळतच राहतं. वेगाच्या तबकडीवर तिथे लाल रेघ असते. त्या रेघेखाली जिवंत इंजिन पूर्ण ताकदीनं चालू ठेवलं तर ते विमानाला मेलेल्या बाजूवर पालथं घालतं. तिच्यापासून पंचवीसेक नॉट (वैमानिकांचं वेगाचं माप) वर एक निळी रेघ असते, एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढता येईल असा वेग. सेनेकात ती नव्वदच्या आसपास. या दोन रेघांमधली जागा म्हणजे आमचा नाल्याचा उतार.

(सेनेकाचे दोन प्रॉपेलर एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात, त्यामुळे कुठलंही इंजिन गेलं तरी त्रास सारखाच. बऱ्याच ट्विनमध्ये दोन्ही एकाच दिशेला फिरतात. तिथे उजव्या इंजिनाची ओढ विमानाच्या मध्यापासून जास्त लांब पडते, म्हणून डावं इंजिन जाणं अधिक वाईट.)

सरांनी ही लाल रेघ मला जमिनीपासून पाच हजार फुटांवर दाखवली. डावं इंजिन अगदी मंद, उजवं पूर्ण, आणि मी नाक हळूहळू वर धरत वेग सांडत चालले होते. पाय पुढे, आणखी पुढे, संपला. त्याच क्षणी क्षितिज खिडकीतून सरकायला लागलं, डावा पंख खाली पडायला लागला. माझा हात आपोआप काळा दांडा आणखी पुढे रेटायला निघाला. पडतंय तर ताकद द्या, हे शरीराचं जन्मजात शहाणपण. सरांनी माझं मनगट धरलं. "उलट! मागे घे! नाक खाली!" मी उजवा थ्रॉटल मागे ओढला, नाक खाली सोडलं, आणि विमान लगेच सरळ झालं, जणू काही घडलंच नव्हतं. ज्याच्या भरवशावर परत जायचं त्यालाच आधी आवरायचं. उभ्याले धर पयले.

त्या विमानाच्या नाकावर, काचेसमोर, सरांनी लाल लोकरीचा वीतभर धागा चिकटपट्टीनं लावला होता. ट्विनच्या नाकावर प्रॉपेलर नसतो, त्यामुळे तिथली हवा स्वच्छ येते आणि धागा खरं बोलतो. एक इंजिन मंद केलं की धागा तिरपा व्हायचा. आपल्याला वाटतं पंख अगदी समतल ठेवले म्हणजे विमान सरळ चाललंय. धागा सांगायचा की नाही, ते अंग चोरून, कडेनं घसरत चाललंय आणि त्या घसरण्यात तुमची ती पाच हजारांची शिल्लक उडते आहे. मग जिवंत इंजिनाकडे दोन-तीन अंश कलायचं, घसरण दाखवणाऱ्या तबकडीतला चेंडू त्या बाजूला अर्धा बाहेर जाऊ द्यायचा, आणि धागा हळूच काचेवर सरळ यायचा. पायातलं ओझं थोडं कमी व्हायचं. एवढ्याशा कलण्यावर विमान चढेल की उतरेल हे ठरत होतं. मला त्या धाग्याइतकं आवडलेलं दुसरं उपकरण नाही. पुढे मी काचेच्या पडद्यांनी भरलेल्या कॉकपिटमध्ये बसले, तिथे सगळं होतं, धागा नव्हता.

आता त्या चुकीबद्दल लिहायचं आहे, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

इंजिन गेल्यावर म्हणायच्या गोष्टी पाठ असतात. मिक्स्चर, प्रॉप, थ्रॉटल, सगळं पुढे. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, वर. गिअर, म्हणजे चाकं, वर. मग आयडेंटिफाय, व्हेरिफाय, फेदर. ओळख, खात्री कर, मग बंद कर. ओळखायचं कसं? तबकड्यांवरून ओळखता येईल असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण बंद पडलेलं इंजिन वाऱ्यावर फिरत राहतं, त्याच्या फेऱ्यांचा काटा जागचा हलत नाही आणि हवेच्या दाबाचा काटा थ्रॉटल जिथे ठेवलाय तेच दाखवत राहतो. मेलेला माणूस डोळे उघडे ठेवून बसावा तसं. म्हणून पाय विचारायचा. नाक सरळ ठेवायला जो पाय राबतोय ती बाजू जिवंत, जो पाय मोकळा आहे ती मेलेली. डेड फूट, डेड इंजिन. जगभर हेच घोकवतात. सर मात्र नुसतं विचारायचे, "पाय काय सांगून राहिला?"

त्या सकाळी सरांनी चेकलिस्टचा पुठ्ठा दांड्यांवर आडवा धरला आणि मागून काहीतरी ओढलं. नाक डावीकडे गेलं. मी उजवा पाय रोवला, बरोबर. नाक थांबलं, बरोबर. सगळं पुढे, फ्लॅप, गिअर, बरोबर. पोटरीला कापरं सुटलं होतं, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी मनातल्या मनात पायाला बजावत होते, उजवा, उजवा, सोडू नको, उजवा. मग हात दांड्यांकडे गेला आणि त्यानं उजवा थ्रॉटल धरला. जिवंत. मी तो मागे ओढला.

विमान शांत झालं. ती शांतता मी विसरू शकत नाही. नाक एकदम उजवीकडे झुकलं, कारण माझा पाय अजून तिथेच दाबलेला होता आणि आता त्याच्या विरुद्ध ओढणारं कुणी उरलं नव्हतं. सर काहीच बोलले नाहीत. दोन सेकंद असतील. मी थ्रॉटल परत पुढे ढकलला, आवाज आला, पाय पुन्हा भरला. मग डावा थ्रॉटल मागे घेतला. काही बदललं नाही. म्हणजे हाच मेलेला.

खाली आल्यावर मला वाटलं होतं ओरडा बसणार. सरांनी चहा मागवला. म्हणाले, "तू चुकली नाही. व्हेरिफायची जागा त्याच्यासाठीच ठेवली हाय. तू थ्रॉटल मागे घेतला, ऐकलं, परत केला. सरळ फेदर केला असता तर मी आत्ता दुसरंच बोलून राहिलो असतो." मग त्यांनी विचारलं, हात उजवीकडे का गेला. मला तेव्हा सांगता आलं नाही. नंतर कळलं. पायाला देण्यासाठी मी जो शब्द घोकत होते तोच शब्द हातानं ऐकला होता. पाय डावीकडचं मरण सांगत होता, डोकं मात्र "उजवा" म्हणत होतं. उजवं-डावं कळायला लहानपणी आपल्याला जेवायचा हात दाखवतात. त्या क्षणी जेवायचा हात कुठला हेही मला सांगता आलं नसतं.

काही वर्षांनी एटीआरवर, म्हणजे दोन प्रॉपेलरच्या प्रवासी विमानावर, रुजू होण्याच्या तयारीत मी केगवर्थच्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला आणि एका ओळीपाशी थांबले. 8 जानेवारी 1989. ब्रिटिश मिडलंडचं बोइंग 737-400, अगदी नवं, लंडनहून बेलफास्टला निघालेलं. अठ्ठावीस हजार फुटांच्या आसपास डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान हादरायला लागलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. कॅप्टननं विचारलं, कुठलं इंजिन? सहवैमानिक म्हणाला, "इट्स द ले… इट्स द राइट वन."

तो अर्धा शब्द. तोंडातून बरोबर उत्तर बाहेर पडायला निघालं होतं.

त्यांनी उजवं इंजिन मंद केलं, आणि हादरे आणि धूर कमी झाले. हे सगळ्यात क्रूर आहे. उजवा थ्रॉटल मागे घेताना स्वयंचलित थ्रॉटल सुटला, त्याबरोबर जखमी डाव्या इंजिनावरचाही भार उतरला आणि ते तात्पुरतं निवळलं. खात्री करायची पायरी त्यांनी वगळली नव्हती. खात्रीच खोटी निघाली. त्यात हवेच्या नळ्या कुठल्या इंजिनातून येतात याबद्दलचं कॅप्टनचं जुनं ज्ञानही उजवीकडेच बोट दाखवत होतं. निरोगी इंजिन बंद झालं. कॅप्टननं प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. मागच्या बाजूला बसलेल्या कित्येकांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना पाहिल्या होत्या. त्यांना चमत्कारिक वाटलं. पण पुढे बसलेल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार असं त्यांनी धरलं, आणि कुणी बोललं नाही. उतरत असताना वैमानिकांनी घडलेलं सगळं पुन्हा एकदा पाहायला सुरुवात केली होती, तेवढ्यात रेडिओवर बोलणं आलं आणि ते राहिलं. ईस्ट मिडलंड्सची धावपट्टी अडीच मैलांवर असताना डाव्या इंजिनानं दम सोडला. विमान एम-वन महामार्गाच्या बांधावर आदळलं. 126 जणांपैकी 47 गेले.

माझ्या विमानात अगदी नवा केबिन क्रू आला की मी त्याला पहिल्याच भेटीत सांगते, खिडकीतून काही वेगळं दिसलं, प्रवाशानं काही म्हटलं, तर मला सांग. मला माहीत असेल असं धरू नकोस. चारचारदा सांग.

एटीआरचं स्वतःचं दुःख मात्र तैपेईचं. 4 फेब्रुवारी 2015. ट्रान्सएशियाचं एटीआर 72-600, सोंगशान विमानतळावरून निघालेलं, तेच मॉडेल जे मी तेव्हा उडवत होते. बाराशे फुटांच्या सुमारास उजव्या इंजिनाचा प्रॉपेलर आपोआप फेदर झाला. इंजिनाला काही झालं नव्हतं, त्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेतली एक जोडणी अधूनमधून तुटत होती. एटीआर असा प्रसंग स्वतःच सांभाळतं, मेलेला प्रॉपेलर फेदर करतं आणि जिवंत इंजिनाची ताकद वाढवतं. वैमानिकांनी कशाला हात न लावता नुसतं नाक सरळ धरलं असतं तरी ते विमान चढलं असतं. कॅप्टननं पहिल्या इंजिनाचा, म्हणजे डाव्या, जिवंत इंजिनाचा दांडा मागे घेतो असं म्हटलं. सहवैमानिक म्हणाला, थांबा, क्रॉस-चेक. दांडा मागे गेला होता. पुढे ते इंजिन बंदच केलं गेलं. शेवटच्या काही सेकंदांत कॅप्टनचे शब्द ध्वनिमुद्रणात आहेत, चुकीच्या बाजूचा थ्रॉटल मागे घेतला. विमानाचा पंख उड्डाणपुलाला आणि एका टॅक्सीला घासून ते कीलुंग नदीत पडलं. निघाल्यापासून तीन मिनिटंही झाली नव्हती. 58 पैकी 43 जण गेले.

ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मला नातेवाइकांचे फोन आले, तुझं हेच ना विमान? दुसऱ्या दिवशी माझं उड्डाण होतं. धावपट्टीच्या टोकाशी उभी असताना मी डावा दांडा आणि उजवा दांडा एकेकदा बोटानं शिवून पाहिला. शिकताना केलेल्या चुकीची ती शांतता कानात होती. माझ्या चुकीच्या खाली पाच हजार फूट हवा होती आणि शेजारी सर होते. त्या कॅप्टनपाशी यातलं काहीच नव्हतं. त्याला इंजिन निकामी होण्याच्या सरावात आधीही अडचणी आल्या होत्या, हे अहवालात आहे. मी ते वाचलं आणि तरीही त्याला दोष देऊन मोकळं होणं मला जमलं नाही. हाताला घाई झाली, बाकी काही नाही. ती घाई माझ्याही हातात आहे. ती जात नाही, तिच्या वाटेत फक्त आडकाठ्या उभ्या करता येतात.

आमच्या सगळ्या पद्धती म्हणजे त्या आडकाठ्याच. चारशे फुटांपर्यंत चाकं आत घेणं आणि विमान उडवणं, याखेरीज काही करायचं नाही. दांड्याला हात लावण्यापूर्वी त्याचं नाव आणि नंबर मोठ्यानं म्हणायचा, आणि दुसऱ्यानं बघून "कन्फर्म" म्हणेपर्यंत तो हलवायचा नाही. जुने वैमानिक म्हणायचे की इंजिन गेलं तर आधी घड्याळाला चावी द्या. हात कशात तरी गुंतवा, तोवर डोकं पोचेल. लहान ट्विनवर दुसरा वैमानिक नसतो, म्हणून तिथे निर्णय जमिनीवरच घेऊन ठेवायचा. सर प्रत्येक उड्डाणाआधी माझ्याकडून वदवून घ्यायचे. धावपट्टीवर काही झालं, दोन्ही थ्रॉटल मागे. हवेत आहोत पण चाकं खाली आणि समोर धावपट्टी शिल्लक आहे, दोन्ही मागे. चाकं आत, वेग निळ्या रेघेवर, तरच पुढे. आणि पुढे जाऊनही चढत नसेल, वेग निळ्याकडून लालकडे यायला लागला असेल, तर नाक वर धरून बसायचं नाही. जिवंत इंजिनाची ताकद कमी करायची, पंख समतल ठेवायचे आणि समोर दिसेल त्या शेतात उतरायचं. विमान मोडेल. आपण सरळ मोडू, उलटे होऊन नाही. चांगलं चालणारं इंजिन आपल्या हातानं आवळायचं, हे सांगताना सरांचा आवाज नेहमी खाली यायचा. त्यांनी कधी ते केलं होतं का, हे मी विचारलं नाही.

आता मी स्वतः सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीवर बसते, पुढे दोन तरुण मुलं. पडद्यावर रात्रीची धावपट्टी, विमान वेग घेतंय. व्ही वन, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण थांबवायचं नसतं तो वेग, म्हटल्याबरोबर मी बटण दाबते. नाक डावीकडे ओढलं जातं. आज डाव्या खुर्चीत एक मुलगी आहे, माझ्यासारखीच, पाठीशी उशी घेतलेली. ती नाक सरळ करते, उचलते, चाकं आत. लाल दिवे, घंटा. तिचा हात दांड्यांकडे अर्ध्यावर जातो आणि हवेतच थांबतो. चारशे फूट होतात. मी पडद्यांकडे बघत नाही, पुढे वाकून तिच्या बुटांकडे बघते. डावा पाय पेडलवर नुसता टेकलेला आहे, स्वस्थ. उजव्याची पोटरी थरथरते आहे.

"पॉवर लिव्हर, नंबर वन," ती म्हणते. "कन्फर्म?"

शेजारचा मुलगा लगेच उत्तर देत नाही. तो बघतो आहे.